सेवाव्रती लेडी मेहेरबाई टाटा : एक चरित्रस्मरण

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने कोणतीही संस्था मागे वळून पाहते, तेव्हा तिच्या दृष्टीसमोर प्रथम उभ्या राहतात त्या वास्तू, निधी आणि देणगीदारांच्या नामावली. परंतु संस्था म्हणजे केवळ वास्तू नव्हे. अनेक हातांनी एकत्र येऊन, आपापला मान-अभिमान बाजूला ठेवून चालविलेले दीर्घकालीन व्रत म्हणजे संस्था होय. हे व्रत स्त्रियांनी हाती घेतले, तर त्यातून केवढे कार्य उभे राहू शकते, याचे एक उदाहरण या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने लेडी मेहेरबाई टाटा यांचे चरित्र येथे संक्षेपाने कथन केले आहे.

मेहेरबाई जन्माने पारशी होत्या. आपल्या समाजाच्या स्मरणिकेत एका पारशी स्त्रीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणा सुज्ञ वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु अपरिग्रह, दान आणि विश्वस्तवृत्ती ही मूल्ये ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्या समाजाला ती मूल्ये अन्यत्र प्रकटलेली पाहून आनंदच होईल, अशी आमची श्रद्धा आहे.

शिवाय टाटा घराण्याचा आपल्या वऱ्हाड-विदर्भाशी असलेला संबंध जुना आहे. जमशेटजी टाटा यांनी आपली एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपुरात काढली, ती या प्रदेशात उत्तम कापूस पिकतो म्हणून. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कापूस आणि नागपूरची गिरणी यांचे नाते आर्वीसारख्या कापसाच्या पेठेत वाढलेल्यांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. ती गिरणी आता बंद पडली आहे. पुढे पोलादाचा कारखाना काढण्यासाठी लोहखनिजाचा शोध सुरू झाला, तोही प्रथम चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे. तेथे निराशा पदरी आल्यावर जमशेटजींचे ज्येष्ठ पुत्र दोराबजी यांना नागपूरच्या संग्रहालयात भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी केलेला एक नकाशा दिसला, आणि त्यावरून दुर्ग जिल्ह्यातील खनिजाचा माग लागला. मेहेरबाई या त्याच दोराबजींच्या सहधर्मचारिणी.

बालपण आणि शिक्षण

मेहेरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील होर्मसजी भाभा हे म्हैसूर संस्थानाच्या शिक्षणखात्यात उच्च अधिकारपदावर होते. त्यामुळे मेहेरबाईंचे बालपण म्हैसूर-बंगळूरकडे गेले. बंगळूरच्या बिशप कॉटन शाळेत त्यांनी शिक्षण घेतले. ज्या काळात मुलीने चार अक्षरे गिरवली तरी पुष्कळ झाले असे मानले जाई, त्या काळात वडिलांच्या समृद्ध ग्रंथसंग्रहाची दारे या मुलीसाठी सदैव उघडी होती. वाचनाबरोबरच पियानोवादनातही त्यांनी प्रावीण्य मिळविले. भारताच्या अणुसंशोधनाचे जनक डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंच्या बंधूंचे चिरंजीव. विद्येची उपासना हा या घराण्याचा वारसाच होता.

जमशेटजींचा भाभा कुटुंबाशी स्नेह होता. त्या स्नेहातूनच १४ फेब्रुवारी १८९८ रोजी मेहेरबाई आणि दोराबजी यांचा विवाह झाला. त्या वेळी वधूचे वय अठरा, तर वराचे अडतीस. वयात वीस वर्षांचे अंतर असूनही हा संसार परस्परांविषयीच्या आदरावर उभा राहिला आणि अखेरपर्यंत तसाच टिकला. या दांपत्याला अपत्य झाले नाही. १९१० साली दोराबजींना सर हा किताब मिळाला आणि मेहेरबाई लेडी टाटा या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

दोघांनाही खेळाची अतिशय आवड. मेहेरबाई टेनिस उत्तम खेळत आणि विशेष म्हणजे साडी नेसूनच खेळत. साठांहून अधिक पारितोषिके त्यांनी या खेळात मिळविली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीसाठी मोहम्मद सलीम यांच्या जोडीने भारताच्या वतीने त्यांचे नाव नोंदले गेले होते. परदेशात राजघराण्यांच्या मेजवान्यांतही त्यांनी आपला भारतीय पोशाख सोडला नाही. आधुनिक विचार स्वीकारण्यासाठी स्वतःची वेशभूषा टाकून द्यावी लागत नाही, हे त्यांच्या वागण्यातून सहजच सिद्ध होत असे.

विखुरलेल्या मंडळांची एक परिषद

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. युद्धकाळात जखमी सैनिकांसाठी कपडे, मलमपट्टीचे साहित्य आणि निधी गोळा करण्याच्या कामात मुंबईतील अनेक स्त्रिया प्रथमच घराबाहेर पडल्या. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, युरोपीय अशा सर्व समाजांच्या स्त्रिया एका टेबलाभोवती बसून काम करू लागल्या. मेहेरबाईंनीही या कामात पुढाकार घेतला होता. त्यांच्या सेवेबद्दल १९१९ साली त्यांना सी. बी. ई. हा सन्मान प्राप्त झाला.

युद्ध संपत आले तेव्हा एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. निमित्त संपले की माणसे पांगतात, हा सार्वजनिक कार्याचा नेहमीचा अनुभव. एकत्र आलेल्या या स्त्रियांनी पुन्हा आपापल्या घरात, आपापल्या जातीच्या मंडळात परत जावे, की ही एकजूट शांततेच्या काळातील सेवेसाठी टिकवावी? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९१८ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी विमेन्स कौन्सिल, अर्थात मुंबई इलाखा महिला परिषद स्थापन झाली. मेहेरबाई या परिषदेच्या संस्थापकांपैकी एक होत्या. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हीच परिषद महाराष्ट्र राज्य महिला परिषद या नावाने कार्य करू लागली.

अशा परिषदेचे स्वरूप थोडे समजून घेणे आवश्यक आहे. कोणत्याही शहरात स्त्रियांची लहान-मोठी मंडळे असतात. एक मंडळ शिवणवर्ग चालविते, दुसरे बालकांना दूध वाटते, तिसरे रुग्णालयात भेटी देते. प्रत्येकाचा हेतू शुद्ध असतो, पण एकाचे काम दुसऱ्यास ठाऊक नसते. एकाच वस्तीत दोन मंडळे पोहोचतात आणि शेजारच्या वस्तीत एकही पोहोचत नाही. परिषदेने मंडळांना विसर्जित करावयाचे नसते. त्यांचे नाव, नियम आणि निधी त्यांच्याकडेच राहतात. परंतु त्यांचे प्रतिनिधी एकत्र बसतात, कामाची वाटणी करतात आणि जो प्रश्न एकट्या मंडळाच्या शक्तीबाहेरचा आहे, तो सर्वांच्या वतीने शासनापुढे मांडतात. एका मंडळाच्या अर्जाकडे अधिकारी दुर्लक्ष करू शकतो. संपूर्ण इलाख्यातील स्त्रियांच्या एकमुखी ठरावाकडे दुर्लक्ष करणे त्याला तितके सोपे जात नाही.

हे काम बाहेरून दिसते तितके सुलभ नव्हते. भाषा वेगळ्या, खाण्यापिण्याचे नियम वेगळे, पडदा पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या स्त्रिया एकत्र. स्त्रिया समाजाच्या प्रश्नांवर काम करू शकत नाहीत याची कारणे मेहेरबाईंनी स्पष्टपणे मांडली होती. पडदा, जातिभेद आणि शिक्षणाचा अभाव ही ती तीन कारणे. त्यांच्या मते संपन्न आणि मध्यम वर्गातील स्त्रियांनी आपली निष्क्रियता झटकून टाकली पाहिजे होती. दान देणाऱ्या स्त्रियांनी कार्यालयात बसून धनादेशावर सही करण्यात समाधान मानू नये, तर स्वतः गरिबांच्या वस्त्यांत जाऊन तेथील जीवन डोळ्यांनी पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. राजवाड्यासारख्या घरात राहणाऱ्या स्त्रीने आपल्याच वर्गातील भगिनींना हे सांगावे, यात मोठे धैर्य होते.

१९२५ साली विविध प्रांतांतील अशा परिषदा एकत्र येऊन नॅशनल कौन्सिल ऑफ विमेन इन इंडिया ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या स्थापनेत मेहेरबाईंचा वाटा प्रमुख होता. १८८८ साली वॉशिंग्टन येथे सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेशी भारतीय स्त्रियांचे नाते या संस्थेमुळे जोडले गेले. या कार्यात त्यांच्या सहकारी म्हणून कायदेपंडित कॉर्नेलिया सोराबजी यांच्यासारख्या विदुषी होत्या, तशाच मुंबईच्या सुप्रसिद्ध प्रेमचंद घराण्यातील ताराबाई प्रेमचंद याही होत्या. ज्या प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभारण्यासाठी द्रव्य दिले, त्यांचेच हे जैन घराणे. स्त्रियांच्या या सर्वधर्मीय चळवळीत आपल्या समाजाचा सहभाग प्रारंभापासून होता, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते.

गहाण पडलेले रत्न

मेहेरबाईंच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग त्यांच्या हिऱ्याशी निगडित आहे. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेतील यागर्सफोंटेन येथील खाणीत एक प्रचंड हिरा सापडला. त्याला पैलू पाडल्यावर त्याचे वजन २४५ कॅरटहून अधिक भरले. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचे ते वर्ष १८९७, म्हणून त्याला ज्युबिली हे नाव मिळाले. आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून तो मोठा. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तो मांडला गेला आणि पुढे दोराबजींनी तो आपल्या पत्नीसाठी विकत घेतला. तो लंडनच्या तिजोरीत ठेवलेला असे आणि तो परिधान करण्यासाठी बाहेर काढला की प्रत्येक वेळी विमा कंपनीला मोठी रक्कम द्यावी लागे, असे सांगितले जाते.

१९२४ साली टाटांच्या पोलाद कारखान्यावर मोठे संकट कोसळले. युद्धानंतर कारखान्याचा विस्तार हाती घेतला होता. त्याचा खर्च अंदाजाबाहेर गेला. परदेशातून स्वस्त पोलाद येऊ लागल्याने भाव घसरले. १९२३ च्या भूकंपाने जपानमधील मोठी गिऱ्हाइकी बुडाली. कामगारांचे वेतन देण्यापुरतेही पैसे उरतात की नाही, अशी अवस्था आली. जमशेटजींनी पाहिलेले, भारताने स्वतःचे पोलाद स्वतः करण्याचे स्वप्न डोळ्यांदेखत मोडू पाहत होते. त्या वेळी दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची संपूर्ण वैयक्तिक मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे गहाण ठेवून कारखान्यासाठी कर्ज उभे केले. त्यात मेहेरबाईंचे दागिने होते आणि तो ज्युबिली हिराही होता.

आपल्या समाजात स्त्रीधनाचे महत्त्व काय असते, हे सर्व जाणतात. दागिना हा केवळ शोभेसाठी नसतो. पडत्या काळात तो स्त्रीचा एकमेव आधार असतो. अपत्य नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर तो आधार अधिकच मोलाचा. तो सोडणे म्हणजे भविष्याची हमी सोडणे. कारखाना बुडाला असता तर त्यासोबत हे सर्व बुडाले असते. सुदैवाने तसे झाले नाही. त्याच वर्षी पोलाद उद्योगास संरक्षण देणारा कायदा झाला, कारखाना सावरला आणि गहाण ठेवलेली संपत्ती सुटली. पुढे दोराबजींच्या निधनानंतर हा हिरा विकला गेला आणि त्याचे द्रव्य त्यांनी स्थापन केलेल्या न्यासाच्या कार्यास मिळाले. जैन शास्त्रकारांनी परिग्रहाच्या परिमाणाचा जो विचार मांडला आहे, त्याच्याशी हा प्रसंग ताडून पाहण्यासारखा आहे. वस्तू जवळ असण्यापेक्षा तिच्यावरील आसक्ती किती, यावर बंधन अवलंबून असते, आणि मेहेरबाईंनी ते रत्न जसे सहजपणे ल्याले, तसेच सहजपणे उतरविले.

बालविवाहाविरुद्ध

मेहेरबाईंच्या कार्याचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे बालविवाहास आळा घालण्याचा प्रयत्न. अजमेरचे हरविलास सारडा यांनी १९२७ साली मध्यवर्ती विधिमंडळात हिंदूंच्या बालविवाहांना प्रतिबंध करणारे विधेयक मांडले. त्या विधेयकाच्या विचारविनिमयात मेहेरबाईंचे मत घेतले गेले होते. २९ नोव्हेंबर १९२७ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक कॉलेज येथे त्यांनी या विधेयकाच्या बाजूने भाषण केले.

हा प्रसंग नाजूक होता. त्याच वर्षी कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेचे भारतीय समाजाची निंदा करणारे पुस्तक प्रसिद्ध झाले होते आणि त्याने भारतभर संतापाची लाट उसळली होती. अशा वेळी परदेशातील श्रोत्यांपुढे आपल्या घरातील दोष मान्य करावा, की अभिमानाखातर तो झाकावा? मेहेरबाईंनी दोष झाकला नाही. सुधारणेची मागणी खुद्द भारतातून होत आहे आणि त्यासाठी भारतीयच कायदा करू पाहत आहेत, हे त्या विधेयकाच्या समर्थनातून जगापुढे आले.

देशात या विधेयकास कडाडून विरोध झाला. धर्मात हस्तक्षेप होतो, असा आक्षेप सर्वच समाजांतून घेतला गेला. अखेर १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा संमत झाला. मूळ विधेयक हिंदूंपुरते होते, तरी अंतिम कायदा सर्व धर्मीयांना लागू झाला. त्याने विवाहासाठी मुलीचे किमान वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरविले. १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला. आज ही वये फारच कमी वाटतात. परंतु आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्ने लागण्याच्या त्या काळात हे पाऊल केवढे मोठे होते, हे आपल्या घरातील पणजी-आजींच्या हकिकती ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना सांगावे लागणार नाही.

कार्याची मर्यादा

चरित्र लिहिताना केवळ स्तुतिसुमने वाहणे हे सत्याशी प्रतारणा केल्यासारखे होईल. मेहेरबाईंच्या परिषदेला मर्यादा होत्या. तिचे नेतृत्व श्रीमंत घराण्यांतील, इंग्रजी शिकलेल्या स्त्रियांच्या हाती राहिले. वर्गणी सामान्य स्त्रीला परवडणारी नव्हती. कामाचा मोठा भाग समित्या, अहवाल आणि शासनाकडे पाठवावयाची निवेदने यांत जाई. राजनिष्ठ वर्तुळात वावरणाऱ्या या संस्थेला स्वातंत्र्यचळवळीच्या काळात जनसामान्यांत रुजता आले नाही. १९२७ साली पुण्यात भरलेल्या अधिवेशनातून अखिल भारतीय महिला परिषद उदयास आली आणि पाहता पाहता तिचा विस्तार कितीतरी अधिक झाला. आपला वर्धा जिल्हाच पाहा. येथे जानकीदेवी बजाज यांनी अंगावरील दागिने उतरविले, पडदा टाकला आणि खादी अंगीकारली ती गांधीजींच्या चळवळीच्या प्रेरणेने.

असे असले तरी एक गोष्ट विसरता येत नाही. वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम करा, हा मेहेरबाईंचा आग्रह म्हणजे आपल्याच संस्थेच्या या दुबळेपणावर त्यांनी ठेवलेले बोट होते. दोष बाहेरच्यांनी दाखविण्यापूर्वी तो संस्थेच्या आतील व्यक्तीला दिसणे, हे जिवंत संस्थेचे लक्षण होय.

अखेर आणि स्मारक

मेहेरबाईंचे सार्वजनिक कार्य भरात असतानाच रक्ताच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले. त्या काळी या व्याधीवर परिणामकारक उपचार नव्हते. अमाप संपत्तीही त्यांना वाचवू शकली नाही. १८ जून १९३१ रोजी वेल्समधील रुथिन येथील शुश्रूषागृहात, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. लंडनजवळील ब्रुकवूड येथे त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

दोराबजींनी आपल्या दुःखाला जी वाट करून दिली, ती अनुकरणीय आहे. पत्नीला ज्या व्याधीने नेले, तिच्यावर संशोधन व्हावे यासाठी १९३२ साली त्यांनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जगातील कोणत्याही देशातील संशोधकांसाठी आणि उरलेला भारतातील संशोधनासाठी राखून ठेवला. आपली उरलेली सर्व संपत्ती त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या स्वाधीन केली. त्यानंतर पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी जात असताना वाटेत, ३ जून १९३२ रोजी, जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचेही निधन झाले. ब्रुकवूड येथे दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत.

या न्यासातून पुढे १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून विख्यात असलेली संस्था निघाली. १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक कर्करोग रुग्णालय उघडले. १९४५ साली मेहेरबाईंचे भाचे डॉ. होमी भाभा यांच्या प्रेरणेने टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. मेहेरबाईंच्या नावे असलेला एक शिक्षण न्यास भारतीय पदवीधर स्त्रियांना परदेशातील उच्च शिक्षणासाठी साहाय्य करतो. विदर्भातून उपचारांसाठी मुंबईला जाणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या आप्तांना परळच्या त्या रुग्णालयाचे नाव ठाऊक असते. त्याच्या मुळाशी एका स्त्रीचे आजारपण आणि तिच्या पतीचे दान आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. मेहेरबाईंच्या स्मृतीतून औषधदान आणि ज्ञानदान घडत राहिले. बालवधूंच्या रक्षणासाठी त्यांनी केलेला यत्न हा एका अर्थाने अभयदानाचाच प्रकार होता. त्यांच्याजवळ होते तेवढे द्रव्य आपल्याजवळ नसेल. परंतु मंडळे एकत्र आणण्यासाठी द्रव्य लागत नाही. आर्वीतील आपल्या भगिनींनी दुसऱ्या समाजाच्या, दुसऱ्या मोहल्ल्याच्या महिला मंडळाच्या दारी जाऊन, तुमचे काम काय आणि आमचे काय, एवढे विचारले तरी प्रारंभ होईल. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्या सेवाव्रती स्त्रीच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.